ग्रंथ एक, स्वरूपे अनेक : ई-रीडरवरील वाचनासाठी कोणते स्वरूप निवडावे?

ग्रंथ वाचकाच्या दारापर्यंत नेणे हे ग्रंथालय चळवळीचे आद्य उद्दिष्ट होय. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम संमत झाला, त्यामागे हाच हेतू होता. त्या काळी दार गाठण्यासाठी कपाट, पेटी आणि एस. टी.ची पार्सल एवढीच साधने होती. आज त्यांच्या जोडीला ई-पुस्तक आले आहे. हातात धरता येईल अशा एका लहानशा पाटीवर शेकडो ग्रंथ साठविता येतात आणि दूरच्या गावी बसलेल्या वाचकाला ते काही क्षणांत मिळू शकतात.

तथापि ई-पुस्तक मिळाले म्हणजे ते वाचता आलेच असे होत नाही. एकच कादंबरी एका फाईलमध्ये सुखाने वाचून होते, तर दुसऱ्या फाईलमध्ये चार पानांतच डोळे थकवते. या फरकाचे कारण फाईलच्या स्वरूपात, म्हणजे मजकूर कोणत्या पद्धतीने साठविला आहे यात असते. पीडीएफ, ईपब, मोबी अशी नावे आज शाळेत, ग्रंथालयात व कार्यालयात कानांवर पडतात. त्यांचा अर्थ समजून घेतल्यास वाचकाचा त्रास वाचेल. शिवाय मराठी पुस्तके सिद्ध करणाऱ्या संस्थांनाही योग्य निर्णय घेता येईल.

टावर चौकातील मराठी घर

हा प्रश्न किती निकडीचा आहे हे महाराष्ट्राबाहेर पाहिले म्हणजे विशेष जाणवते. मध्य प्रदेशातील उज्जैन नगरीचा मराठी माणसाशी असलेला संबंध अठराव्या शतकापासूनचा आहे. राणोजी शिंदे यांनी येथे आपले ठाणे वसविले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविली. परंतु क्षिप्रेच्या काठी स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे तेथेच राहिली व आजही तेथे आहेत.

उज्जैनच्या फ्रीगंज भागात घड्याळाचा मनोरा असलेला टावर चौक आहे. या चौकाच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. आजोबांचे वाचन मराठीत झालेले आहे, परंतु आता बारीक टाईप दिसत नाही. नातवंडांचे शिक्षण हिंदी अथवा इंग्रजी माध्यमात चालू आहे. घरी मराठी बोलली जाते, पण मराठी पुस्तक हाती येण्याचे प्रसंग थोडे. नवे मराठी पुस्तक पाहिजे असल्यास पुण्या-मुंबईहून मागवावे लागते. अशा घरात मराठी वाचन पुढील पिढीपर्यंत टिकेल की नाही, हे पुष्कळ अंशी पुस्तक सहज मिळण्यावर व ते सहज वाचता येण्यावर अवलंबून राहते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम पाड्यावरील शाळेची स्थितीही याहून फार वेगळी नाही. पुस्तक मिळण्याची अडचण ई-पुस्तकाने दूर होते. ते वाचता येणे मात्र फाईलच्या स्वरूपावर ठरते.

कागदासारखा पडदा

ई-रीडर हे उपकरण मोबाईल अथवा टॅब्लेटहून निराळे आहे. त्याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या अगणित सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत परस्परविरोधी विद्युत्भार असलेले पांढरे व काळे कण तरंगत असतात. विद्युत्दाब दिला म्हणजे यांपैकी एका रंगाचे कण वर येतात व अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर तसेच राहण्यास वीज लागत नाही. पान उलटताना तेवढी ती खर्च होते. म्हणून एकदा भारित केलेले उपकरण कित्येक दिवस चालते. पडदा छापील कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडात वाचावयाचा असल्याने उन्हातही अक्षर स्पष्ट दिसते. रात्रीच्या वाचनासाठी बहुतेक नव्या उपकरणांत पडद्यावर पडणारा मंद प्रकाश असतो. विजेचा पुरवठा अनियमित असलेल्या गावी या गुणांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

या पडद्याला एक मर्यादा आहे. पुष्कळ ई-रीडरचा पडदा कर्णरेषेवर सहा इंच, म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर रुंद व १२ सेंटिमीटर उंच असतो. शासकीय पत्रव्यवहारात वापरला जाणारा ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद व २९.७ सेंटिमीटर उंच असतो. हे पान जसेच्या तसे त्या पडद्यावर बसविले, तर १२ पॉइंटचे अक्षर सुमारे ५ पॉइंटचे दिसेल. डेमी आकाराच्या पुस्तकाचे पानही त्यावर आणल्यास तेच अक्षर सुमारे ७ पॉइंटचे होईल. औषधाच्या वेष्टनावरील सूचना वाचताना जी कसरत करावी लागते, ती मग प्रत्येक पानावर करावी लागते. स्वरूपाच्या निवडीचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

अक्षर की अक्षराचे चित्र?

संगणकात मजकूर दोन प्रकारांनी साठविता येतो. एक प्रकार अक्षरांचा, दुसरा अक्षरांच्या चित्राचा. पहिल्या प्रकारात प्रत्येक वर्णाला क्रमांक दिलेला असतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे क्रमांक राखून ठेवलेले आहेत. त्यांत ‘क’ या वर्णाचा क्रमांक २३२५, तर ‘ळ’चा २३५५ आहे. हा क्रमांक उज्जैनमध्ये, पुण्यात वा न्यूयॉर्कमध्ये एकच राहतो. त्यामुळे असा मजकूर कोणत्याही उपकरणावर उघडता येतो, लहानमोठा करता येतो, त्यातील शब्द शोधता येतो आणि यंत्राकडून वाचूनही घेता येतो.

दुसऱ्या प्रकारात छापील पानाचे छायाचित्र घेऊन ते साठविलेले असते. माणसाला त्यात अक्षरे दिसतात. यंत्राला मात्र काळे-पांढरे ठिपके दिसतात. आकारमानातही मोठे अंतर पडते. दोनशे पानांची कादंबरी अक्षररूपाने साठविल्यास साधारणतः एका मेगाबाईटच्या आत राहते. तिचीच छायाचित्रे वीस-तीस मेगाबाईट वा अधिक जागा व्यापतात. इंटरनेटचा वेग मंद असलेल्या ठिकाणी हा फरक लगेच जाणवतो.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा, फसवा प्रकार आहे. युनिकोड प्रचारात येण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी निरनिराळ्या संस्थांनी आपापले फॉन्ट काढले व प्रत्येकाने अक्षरांचे क्रमांक आपल्या सोयीने लावले. अशा फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की त्याच्या जागी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. त्यापासून केलेली पीडीएफ फाईल पाहावयास शुद्ध मराठी असते, कारण तो फॉन्ट फाईलच्या पोटात घातलेला असतो. परंतु त्यातील शब्द शोधू गेल्यास सापडत नाही. याची परीक्षा सोपी आहे. फाईलमधील एखादी ओळ निवडून तिची नक्कल मोबाईलच्या संदेशात उतरवावी. मराठी अक्षरे उमटली तर मजकूर बहुधा युनिकोडमध्ये आहे. भलतीच चिन्हे उमटली तर तो जुन्या फॉन्टमधील आहे. ओळ निवडताच आली नाही तर ते पानाचे चित्र आहे असे समजावे.

पीडीएफ : पानाची हुबेहूब प्रत

पीडीएफ हे स्वरूप अडोबी या अमेरिकी कंपनीने १९९३ साली प्रसृत केले. २००८ साली त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. छापखान्यात जसे पान जुळविले असेल तसेच ते सर्वत्र दिसावे, हा त्याचा हेतू. ओळ कोठे तुटावी, चित्र कोठे यावे, समास किती सोडावा हे सारे त्यात कायम ठरलेले असते.

जेथे पानाचे मूळ रूप बदलता कामा नये तेथे पीडीएफला पर्याय नाही. महाराष्ट्र शासनाचे निर्णय संकेतस्थळावर याच स्वरूपात प्रसिद्ध होतात व ते योग्यच आहे. कारण शासन निर्णयातील परिच्छेद, तक्ता व स्वाक्षरी यांची जागा हलून चालत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही पीडीएफमध्ये उपलब्ध आहेत. चित्रे, नकाशे व आकृत्या यांनी भरलेले पाठ्यपुस्तक मोठ्या पडद्याच्या संगणकावर वा टॅब्लेटवर या स्वरूपात उत्तम दिसते.

हाच गुण ई-रीडरवर दोष ठरतो. पान बदलत नाही, त्यामुळे ते लहान पडद्यावर मावेल इतके आक्रसते. अक्षर मोठे करावे तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो आणि प्रत्येक ओळ वाचताना पान डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते. उपकरण आडवे धरल्यास रुंदी वाढून थोडा दिलासा मिळतो. तरीही दोन-तीनशे पानांचे वाचन या रीतीने सुखाचे होत नाही.

ईपब : पडद्याप्रमाणे वळणारा मजकूर

ही अडचण ध्यानी घेऊन इंटरनॅशनल डिजिटल पब्लिशिंग फोरम या संस्थेने २००७ साली ईपब हे स्वरूप प्रमाणित केले. २०१७ साली ही संस्था वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियममध्ये विलीन झाली व पुढील काम तिच्याकडे आले. ईपब ही एका कंपनीची मालमत्ता नाही. कोणीही प्रकाशक, शाळा वा व्यक्ती ते शुल्क न देता वापरू शकते.

ईपब फाईल म्हणजे एक बांधलेले दप्तर होय. त्यात प्रत्येक प्रकरणाचा मजकूर वेगळा ठेवलेला असतो. सोबत मांडणीच्या सूचना, चित्रे, अनुक्रमणिका आणि पुस्तकाचे नाव, लेखक व भाषा यांची नोंद असते. ओळ कोठे तुटावी हे मात्र त्यात लिहिलेले नसते. ते काम वाचनयंत्र आपल्या पडद्याच्या रुंदीप्रमाणे करते. भांड्याप्रमाणे पाणी आकार घेते, तसा हा मजकूर पडद्याप्रमाणे आकार घेतो. आजोबांनी अक्षर दुप्पट केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. पानांची संख्या वाढते, पण एकही शब्द पडद्याबाहेर जात नाही. नातवाने तेच पुस्तक मोबाईलवर उघडले तर तेथेही ते नीट बसते.

कथा, कादंबरी, चरित्र, निबंध, प्रवासवर्णन अशा सलग गद्यासाठी ईपब हेच सर्वोत्तम स्वरूप आहे. कवितेतही ते चालते. मात्र अक्षर फार मोठे केल्यास लांब ओळ मोडते. गणित, मोठे तक्ते, नकाशे व दुपानी मांडणी यांच्या बाबतीत ईपबची पकड सैल पडते व पीडीएफ सरस ठरते.

किंडलची निराळी वाट

ई-रीडरपैकी ॲमेझॉन कंपनीचे किंडल भारतात पुष्कळांच्या परिचयाचे आहे. ते २००७ साली अमेरिकेत निघाले. २०१६ च्या डिसेंबरात कंपनीने मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके आपल्या दुकानात आणली. या कंपनीने प्रारंभापासून स्वतःची स्वरूपे वापरली आहेत. त्यांतील मोबी हे सर्वांत जुने. मोबीपॉकेट या फ्रेंच कंपनीचे हे स्वरूप २००५ साली ॲमेझॉनकडे आले. त्याची जागा पुढे एझेडडब्ल्यू-३ व केएफएक्स यांनी घेतली.

२०२२ पासून ॲमेझॉनच्या पाठवणी-सेवेतून ईपब फाईल किंडलवर पाठविता येते. वाटेतच तिचे किंडलच्या स्वरूपात रूपांतर होते. त्यानंतर मोबी फाईल स्वीकारणे या सेवेने बंद केले. म्हणून नव्याने पुस्तक साठविताना मोबी निवडण्याचे आता प्रयोजन उरलेले नाही. ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी की, ईपब फाईल तारेने जोडून किंडलमध्ये थेट टाकल्यास ती उघडत नाही. ती पाठवणी-सेवेमार्फत द्यावी अथवा आधी एझेडडब्ल्यू-३ मध्ये रूपांतरित करून घ्यावी. कोबो व इतर अनेक ई-रीडर ईपब थेट उघडतात.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकास पुष्कळदा कुलूप असते, म्हणजे ते विक्रेत्याच्या उपकरणावर अथवा ॲपमध्येच वाचता येते. ग्रंथालयाने वा शाळेने खरेदी करण्यापूर्वी याची चौकशी करावी. अन्यथा उपकरण बदलल्यावर संग्रह हाती राहील याची शाश्वती नसते.

मराठीची खास काळजी

देवनागरी ही जोडाक्षरांची लिपी असल्याने तिच्या बाबतीत स्वरूपाबरोबर फॉन्टही पाहावा लागतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ नमस्कार करावयाचा असतो, ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाक सांगावयाचा असतो. दुसऱ्या शब्दातील अर्धा ‘ऱ’ हिंदीत लागत नाही. त्यामुळे मराठीचा विचार न करता केलेल्या फॉन्टमध्ये तो बिघडतो व अर्थाचा अनर्थ होतो. त्याचप्रमाणे मराठीतील ‘ल’ व ‘श’ यांचे वळण हिंदीपेक्षा निराळे आहे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे निश्चित केली आहेत.

ईपबमध्ये भाषेची नोंद ‘मराठी’ अशी केल्यास व सुयोग्य फॉन्ट सोबत जोडल्यास वाचनयंत्र मराठी वळणाची अक्षरे दाखवू शकते. हिंदी वातावरणात वाढणाऱ्या उज्जैनच्या मुलाला मराठी अक्षराचे मूळ वळण यामुळे पाहावयास मिळेल. जुन्या ई-रीडरवर देवनागरी जोडाक्षरे सुटी पडण्याचा संभव असतो. म्हणून उपकरण विकत घेण्यापूर्वी त्यावर एक मराठी पान उघडून ‘दऱ्या’, ‘ज्ञान’, ‘उद्ध्वस्त’ असे शब्द नीट उमटतात का ते पाहावे.

रूपांतराच्या मर्यादा

कॅलिबर यांसारख्या विनामूल्य संगणक-प्रणालीने एका स्वरूपातील पुस्तक दुसऱ्या स्वरूपात आणता येते. कॅलिबरची निर्मिती कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केली. युनिकोड मजकुरापासून ईपब किंवा ईपबपासून एझेडडब्ल्यू-३ करणे हे काम ती चोख बजावते. पीडीएफपासून ईपब करताना मात्र अडचणी येतात. प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होते, पृष्ठक्रमांक मजकुरात मिसळतात, आणि मराठीत ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे आपल्या जागेवरून ढळतात. दुधाचे दही होते, दह्याचे दूध होत नाही. तोच न्याय येथे लागू पडतो.

छायाचित्ररूप पानांतून अक्षरे ओळखणारी साधने आज मराठीसाठीही उपलब्ध आहेत. तथापि ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत त्यांची गफलत होते व माणसाने मुद्रितशोधन करणे अपरिहार्य ठरते. मराठी विकिस्रोत या मुक्त प्रकल्पात स्वयंसेवक जुन्या ग्रंथांची पाने या रीतीने तपासून युनिकोडमध्ये आणत आहेत. स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षांनी संपतो. हरि नारायण आपटे किंवा साने गुरुजी यांच्या लेखनाच्या बाबतीत ही मुदत उलटून गेली आहे. असे ग्रंथ शाळांनी व मराठी मंडळांनी हाती घेण्यास कायद्याची आडकाठी नाही.

पाहू न शकणारा वाचक

अंध व अल्पदृष्टी वाचकांच्या दृष्टीने तर स्वरूपाचा प्रश्न म्हणजे ग्रंथ असणे वा नसणे इतका मूलभूत आहे. युनिकोड ईपब यंत्र मोठ्याने वाचून दाखवू शकते. तोच मजकूर ब्रेलमध्ये उतरविता येतो. छायाचित्ररूप पीडीएफपुढे ते यंत्र मुके होते. २०१२ साली भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन अपंग व्यक्तींसाठी सुगम स्वरूपात प्रती करण्यास मुभा मिळाली. अंध वाचकांसाठीच्या मराकेश आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होय. कायद्याने दार उघडले आहे. योग्य स्वरूपातील पुस्तके सिद्ध करणे हे पुढील काम आहे.

कोणी काय करावे?

वाचकांसाठी :
१. सलग गद्याचे पुस्तक दोन स्वरूपांत मिळत असेल तर ईपब घ्यावे.
२. तक्ते, नकाशे, आकृत्या असलेले पुस्तक व शासकीय कागदपत्र पीडीएफमध्ये घ्यावे आणि ते मोठ्या पडद्यावर वाचावे.
३. केवळ पीडीएफच मिळत असेल तर ई-रीडर आडवा धरावा अथवा आठ-दहा इंची पडद्याचे उपकरण वापरावे.

शिक्षक व ग्रंथपालांसाठी :
१. संग्रहात घेण्यापूर्वी प्रत्येक फाईलची वर सांगितलेली नक्कल-परीक्षा करावी.
२. फाईलला लेखक, ग्रंथनाम व वर्ष असे स्पष्ट नाव द्यावे आणि एक जादा प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी.
३. १५ ऑक्टोबर रोजी साजऱ्या होणाऱ्या वाचन प्रेरणा दिनी विद्यार्थ्यांना अक्षर मोठे कसे करावे, शब्द कसा शोधावा हे प्रत्यक्ष दाखवावे.

कार्यालये व प्रकाशन संस्थांसाठी :
१. मूळ मजकूर प्रारंभापासून युनिकोडमध्येच टंकलिखित करावा.
२. जी पुस्तिका नागरिकांनी वाचावी अशी अपेक्षा आहे, ती पीडीएफबरोबर ईपबमध्येही द्यावी. मूळ मजकूर युनिकोडमध्ये असल्यास यासाठी वाढीव श्रम अल्प लागतात.
३. कागदावर छापून त्याचे पुन्हा छायाचित्र घेऊन ते संकेतस्थळावर टाकण्याची पद्धत सोडावी.

मराठी विश्वकोशाचे खंड, राज्य मराठी विकास संस्थेचे प्रकल्प, तसेच साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशने संगणकाच्या माध्यमातून वाचकांसाठी खुली झाल्याने मराठी ज्ञानाचा मोठा ठेवा घरबसल्या उपलब्ध झाला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला. या गौरवाबरोबर हा ठेवा वाचनसुलभ करण्याची जबाबदारीही आली आहे. चित्ररूपाने जपलेले पान ग्रंथाचा देह राखते. युनिकोडमध्ये उतरलेला मजकूर त्या ग्रंथाला नवे वाचक मिळवून देतो. ग्रंथालयाने, शाळेने व कार्यालयाने फाईल तयार करतानाच एवढा विचार केला, तर टावर चौकातील आजोबांना भिंग शोधावे लागणार नाही आणि पाड्यावरील शाळेतील मुलगी तेच पुस्तक तितक्याच सहजतेने वाचू शकेल.